कोकणातल्या खाणी आणि बायका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत बचत गटांच्या बैठकांत, ग्रामसभेच्या आधी आणि नंतर हे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. काही बायकांचे आहेत, काही खाणमालकांचे, आणि दोन-तीन तर सरळ टोमणे आहेत. टोमण्यांनाही उत्तर दिलं आहे, कारण निम्म्या लोकांच्या मनात तोच प्रश्न असतो, फक्त ते बोलत नाहीत.

कोकणात कुठे आल्या खाणी? आपल्याकडे तर आंबा, काजू आणि मासळी.

आहेत, आणि पुष्कळ आहेत. वेंगुर्ले तालुक्यात रेडीला लोहखनिज निघतं. तिथला द्विभुज गणपती १९७६ साली खाणीतच सापडला, त्यामुळे बाहेरच्यांना गाव देवामुळे माहीत असतं. दोडामार्ग तालुक्यात कळण्याची खाण आहे. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात काचेसाठी आणि ओतकामासाठी लागणारी सिलिका वाळू निघते. दापोली-मंडणगडकडे बॉक्साइट आहे. या सगळ्यांपेक्षा जास्त पसरल्या आहेत त्या जांभ्याच्या, म्हणजे बांधकामाच्या तांबड्या दगडाच्या, चिरेखाणी आणि काळ्या दगडाचे क्रशर. खाण म्हटलं की लोक रेडीचं नाव घेतात. बायका मात्र जास्त करून चिऱ्यावर आणि खडीवर राबतात.

बायका खाणीत काम करतात कुठे? आम्ही तर पोकलेन आणि डंपरच बघतो.

एखाद्या चिरेखाणीवर सकाळी आठला जाऊन उभे राहा. कटिंग मशीनच्या पात्याने सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उभे-आडवे काप घेतलेले असतात. लाल धुरळा सगळ्यांच्या पापण्यांवर बसलेला असतो. पहारीने चिरा सुटा करणारा पुरुष असतो. तो चिरा गाडीपर्यंत जातो तो मात्र बऱ्याचदा बाईच्या डोक्यावरून. डोक्यावर चुंबळ ठेवायची, दुसऱ्याने हात लावून चिरा चढवून द्यायचा, खाचखळग्यातून वर यायचं आणि ट्रकच्या फाळक्यापाशी उतरवायचा. ताज्या चिऱ्याचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं. अशा फेऱ्या दिवसभर चालतात. यातली पुष्कळ कुटुंबं विजापूर-बागलकोटकडून किंवा मराठवाड्यातून आलेली असतात. पाऊस संपला की येतात, मिरगाच्या आधी परत जातात.

आता तिथली वही उघडा. नाव नवऱ्याचं आणि पुढे एकच शब्द: 'जोडी'. त्या शब्दात बाई आहे, पण तिचं नाव नाही, वय नाही, मजुरी नाही. उद्या तिच्या पायावर चिरा पडला तर ती तिथे कामाला होती हे सिद्ध कसं करायचं? या पानावरच्या बहुतेक उत्तरांची वाट त्या वहीपाशी येऊन थांबते.

म्हणजे समानता म्हणजे खाणीत आणखी बायका भरती करायच्या?

तेही कधीतरी. आधी ज्या आहेत त्यांची नावं हजेरीत लिहा. दक्षिण आफ्रिकेने २००४ पासून लागू झालेल्या खाण-सनदेत पाच वर्षांत १० टक्के महिला कामगार असं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यांच्याकडे प्रश्न बायकांना आत कसं आणायचं हा होता. आपल्याकडे बाई आत आहेच, फक्त तिची मोजदाद नाही. त्यामुळे त्यांचा उपाय उचलून इथे लावला तर कंपनीच्या ऑफिसात दोन मुली बसतील, फोटो छापून येईल आणि सड्यावरची बाई होती तिथेच राहील.

पण कायद्यानेच बायकांना खाणीत बंदी आहे ना?

होती, अर्धवट. हा इतिहास समजून घेण्यासारखा आहे, कारण 'बाईच्या भल्यासाठी' हे शब्द त्यात जागोजागी येतात आणि भलं कुणाचं झालं ते शोधावं लागतं.

ब्रिटिश काळात कोळशाच्या खाणींत बायका जमिनीखाली सर्रास काम करत, नवऱ्याने फोडलेला कोळसा टोपलीतून वाहत. १९२९ च्या नियमांनी त्यांना भूगर्भातून टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं आणि १९३९ पर्यंत त्या बाहेर आल्या. मग दुसरं महायुद्ध लागलं, कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ मध्ये बंदी उठवून त्यांना पुन्हा खाली उतरवलं. युद्ध संपताच १९४६ मध्ये बंदी परत आली. गरज होती तेव्हा बाईची तब्येत कुणाला आठवली नाही!

स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या खाण कायद्यात कलम ४६ आलं. त्यानुसार जमिनीखाली महिलांना काम नाही, आणि जमिनीवरच्या खाणीत फक्त सकाळी सहा ते संध्याकाळी सात. २०१९ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने यात सूट दिली. उघड्या खाणीत रात्रपाळी करता येऊ लागली आणि भूगर्भात तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या कामांवर दिवसा जाता येऊ लागलं. त्यासाठी अटी होत्या: बाईची लेखी संमती, सुरक्षेची सोय आणि पाळीत किमान तीन महिला. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेने सगळ्या प्रकारच्या आस्थापनांत सगळी कामं महिलांना खुली केली. ही धरून चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कामासाठी संमती मात्र अजूनही लागते.

कोकणात भूगर्भातली खाण जवळजवळ नाहीच, सगळं उघडं खोदकाम. त्यामुळे 'कायद्यात बसत नाही' हे कारण इथे आधीही फारसं खरं नव्हतं.

चिरेखाण लहान असते. तिला हे सगळे कायदे लागू होतात का?

१९५२ च्या कायद्याने जांभा, मुरूम, इमारतीचा दगड, रेती अशा खाणींना मोठी सूट दिली होती. खोली कुठेही सहा मीटरपेक्षा जास्त नाही, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं नाहीत आणि सुरुंग वापरत नाहीत, अशी खाण असेल तर कायद्याचा बराचसा भाग तिला लागूच नव्हता. आपल्या बहुतेक चिरेखाणी यातच मोडतात. मात्र सूट देताना जी मोजकी कलमं शिल्लक ठेवली त्यात ४६ होतं. म्हणजे पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, निवारा ही कलमं बाईपर्यंत पोचली नाहीत, आणि तिने कधी काम करू नये हे सांगणारं कलम मात्र पोचलं.

सिलिकाची गोष्ट वेगळी. साध्या रेतीला सूट होती, पण काचेच्या वाळूला आणि ओतकामाच्या वाळूला कायद्याने त्या सवलतीतून स्पष्टपणे वगळलं होतं. कासार्डे परिसरात कुणी 'आमची वाळूच आहे हो' म्हणून हात वर केले तर हे लक्षात ठेवा.

आणि खाण कायद्यातली सूट म्हणजे सगळ्या कायद्यांतून सूट नव्हे. किमान वेतन, समान वेतन, बाळंतपणाची रजा, लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, अपघाताची भरपाई यांची दारं वेगळी आहेत.

जोडीची मजुरी एकत्र मिळते. त्यात वाईट काय? घरातच येते ना.

एकत्र मिळते म्हणजे मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात मिळते. त्याआधी हंगामाच्या सुरुवातीला घेतलेली उचल त्यातून वजा होते. ती उचल कुणी घेतली, किती घेतली, कशाला खर्च झाली हे बाईला विचारलेलं नसतं, पण ती फेडतात दोघं. नवरा आजारी पडला, दारूत पडला किंवा सोडून गेला तर वहीत तिचा हिशोबच नाही.

खाणींसाठी किमान वेतन केंद्र सरकार ठरवतं, राज्य नाही. दर साधारणपणे १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला महागाईनुसार बदलतात. नगावर काम असलं तरी दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. दोन माणसं राबली तर दोन किमान वेतनं, इतका सरळ हिशोब आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या कुठल्याही सेवा केंद्रात चालू दराचा कागद काढून मिळेल. तो घेऊन बोलायला जा. तोंडी भांडणात मुकादम नेहमी जिंकतो.

बायकांचं काम हलकं असतं, म्हणून मजुरी कमी. यात अन्याय कसला?

तीस किलो डोक्यावर घेऊन वीस पावलं चढा आणि मग 'हलकं' हा शब्द परत वापरून दाखवा.

कायदा 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम' अशी कसोटी लावतो. १९७६ च्या समान वेतन कायद्यात ती होती, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मालक काय करतात, तर कामाला नावंच दोन देतात. पुरुष करतो ते 'कटिंग' आणि 'भराई', बाई करते ते 'मदत' किंवा 'वरकाम'. नाव बदललं की दर बदलतो. एकाच गाडीत चिरे भरणारे दोघं असतील तर दोघांचंही काम भराईच.

बाळंतपणाची रजा रोजंदारीवरच्या बाईला मिळते का?

मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने खाण, कारखाना आणि मळा हे कामगारांची संख्या न बघता धरले होते. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर हक्क लागू होतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे, त्यापुढच्या मुलासाठी १२. हेच आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलं आहे. 'आम्ही रोजावर आहोत, आम्हाला कुठली रजा' असं बायकाच म्हणतात. पण दिल्ली महापालिकेच्या रोजंदार बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हा मुद्दा निकाली काढला: हजेरीपटावरच्या बायकांनाही रजा मिळाली पाहिजे.

अडचण ८० दिवस दाखवायचे कसे ही. पुन्हा ती वही.

बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवणं हाच गुन्हा आहे. शेवटच्या महिन्यांत जड काम नको अशी मागणी करण्याचा हक्कही आहे. ही मागणी कुणी केल्याचं आमच्या ऐकण्यात नाही, कारण काम नाकारलं की नवऱ्याचीही जोडी मोडते.

लहान मुलांना खाणीवर आणावं लागतं. मालक ओरडतो. आम्ही करायचं काय?

मालकाचं ओरडणं या बाबतीत बरोबर आहे. अठरा वर्षांखालच्या कुणालाही काम चालू असलेल्या खाणीत हजर राहू देणं हाच १९५२ च्या कायद्याचा भंग होता, आणि वर सांगितलेल्या सवलतीतही हे कलम कायम होतं. पण नुसतं ओरडून मूल जातं कुठे? झोळी ट्रकच्या सावलीत बांधतात, ट्रक मागे येतो.

पन्नास कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, असं कायदा म्हणतो. चिरेखाणीवर एवढी माणसं एका ठिकाणी नसतात. एकाच सड्यावर चार-पाच खाणी असतात, पण मालक वेगवेगळे. त्या सगळ्यांनी मिळून एक शेड आणि एक सांभाळणारी बाई ठेवली तर खर्च वाटला जातो. अंगणवाडी परजिल्ह्यातल्या, परराज्यातल्या मुलांसाठीही असते. गावातल्या सेविकेला जाऊन सांगा, नावं द्या. 'ती कानडी मुलं आमच्या यादीत नाहीत' हे उत्तर चालत नाही.

शौचालय, बूट, हेल्मेट यात स्त्री-पुरुष कुठून आले?

सड्यावर आडोसा नसतो. काजूची बाग दूर. पुरुष कुठेही उभा राहतो. बाई सकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे जायला नको. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, पाणी न पिता चिरे वाहायचे. मग लघवीची जळजळ, मग ताप, मग 'बायका सारख्या आजारी पडतात' हा शेरा.

पत्र्याचं एक तात्पुरतं शौचालय, पाण्याचं पिंप आणि आतून लागणारी कडी. कडी विसरू नका. ती नसते म्हणून बांधलेली शौचालयं बायका वापरत नाहीत.

बुटांचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी येतात ते पुरुषांच्या मापाचे, आठ आणि नऊ नंबरचे. बाई ते घालून घसरते, म्हणून काढून ठेवते आणि स्लीपरवर काम करते. तपासणीला कुणी आलं की बूट रांगेत लावून दाखवतात.

सिलिकाच्या धुळीचा त्रास बायकांना वेगळा होतो का?

धूळ बाई-पुरुष बघत नाही. कामाची वाटणी बघते. वाळू वाळवणं, चाळणं, पोती भरणं आणि प्लांटची झाडलोट ही सगळी कोरडी, उडणारी कामं, आणि ती बायकांच्या वाट्याला येतात. यंत्राच्या केबिनमध्ये काच लावून बसलेला माणूस त्या मानाने वाचतो.

सिलिकाचा बारीक कण, डोळ्यांना न दिसणारा, फुप्फुसात खोल जाऊन बसतो आणि तिथे व्रण होत जातात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. लक्षणं बहुधा कित्येक वर्षांनी दिसतात: दम लागणं, कोरडा खोकला, वजन उतरणं. तोवर बाई काम सोडून गावी गेलेली असते आणि डॉक्टर क्षयाच्या गोळ्या सुरू करतो. सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. म्हणून दवाखान्यात गेल्यावर आपण कुठे, किती वर्षं, कोणत्या धुळीत काम केलं हे न विचारता सांगा, केसपेपरवर लिहून घ्या आणि छातीचा एक्स-रे जपून ठेवा. सिलिकोसिस हा भरपाईच्या यादीतला व्यवसायजन्य आजार आहे.

तोंडाला पदर बांधून हा कण अडत नाही. पाणी मारून ओलं काम करणं हा खरा उपाय. ओल्या वाळूची धूळ उडत नाही, आणि पाण्याला कोकणात निदान आठ महिने तरी तोटा नाही.

कामावर कुणी अंगचटीला आलं तर तक्रार कुठे करायची? मुकादम आमच्याच नात्यातला असतो.

दहा किंवा जास्त कामगार असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे मालकाने अंतर्गत समिती नेमायची असते, अध्यक्ष महिला आणि किमान निम्म्या सदस्य महिला. नेमली नाही तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर लिहून देणं समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

ठेकेदाराचा माणूस, माल न्यायला आलेला ट्रकवाला, क्रशरवर खडी बघायला आलेला गिऱ्हाईक, या सगळ्यांविरुद्ध तक्रार चालते. तो आपला मालक असायला हवा असं नाही. तातडीच्या वेळी ११२ किंवा १८१.

मुकादम नात्यातला असणं ही खरी गाठ. त्याच्याकडे उचल असते, गावी त्याचं घर शेजारी असतं. अशा वेळी एकटीने जाऊ नका. त्याच गावच्या नसलेल्या बाईला, इथल्या आशा सेविकेला किंवा बचत गटाच्या अध्यक्षेला सोबत घ्या.

'ह्या काय बायलमाणसाचा काम न्हय.' डंपर, पोकलेन बाई चालवेल का?

चालवतात. झारखंडमध्ये नोआमुंडीच्या लोहखनिज खाणीत टाटा स्टीलने बायकांना अवजड यंत्रांवर बसवलं, आणि २०२४ च्या अखेरीस तिथे अख्खी पाळी महिलांनी चालवली. राजस्थानात हिंदुस्थान झिंकमध्ये संध्या रसकतला २०२० मध्ये भूगर्भातल्या खाणीच्या व्यवस्थापक झाल्या. २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी कोल इंडियाच्या भूगर्भातील खाणीत काम करणाऱ्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या. आपल्या महाराष्ट्रातलंच बघायचं तर नागपूरच्या डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता म्हणून ओळखल्या जातात.

आताचा डंपर पॉवर स्टिअरिंगचा असतो. ताकद लागते ती डोक्यावर चिरा वाहायला, आणि ते काम बायकांना देताना कुणी हा प्रश्न विचारत नाही.

परवान्याचं गणित असं: व्यावसायिक वाहनासाठी वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाच्या परवान्याला एक वर्ष झालेलं हवं. म्हणजे आज स्कूटर चालवणाऱ्या मुलीने आधी चारचाकीचा परवाना काढायचा. खाणीतल्या मेट, फोरमन, ब्लास्टर या पदांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परीक्षा असतात. या पदांवर पगार बरा आणि ऊन कमी. गावातला मुलगा 'पोकलेनवर हेल्पर' म्हणून लागतो आणि दोन वर्षांत ऑपरेटर होतो. मुलीला हेल्पर म्हणून कुणी घेत नाही, खरी अडचण ती आहे. ग्रामपंचायती खाणीला ना हरकत देताना स्थानिकांना नोकऱ्या मागतात, तेव्हा 'निम्म्या मुलींना, आणि शिकाऊ जागांसह' एवढे शब्द ठरावात घातले तरी फरक पडेल.

जमीन आमच्या घरची आहे, खाणीला दिली आहे. पैसे दीर घेतात. माझा हक्क काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो मजूर बायकांचा नाही, गावातल्या बायकांचा आहे.

आपल्याकडे सातबारा म्हणजे गावाची यादीच: आजोबांचं नाव, त्यांच्या भावांची, मेलेल्यांची, मुंबईच्या चाकरमान्यांची. सड्याची जमीन कुणी कसत नव्हतं तोवर कुणाला पडलेलं नव्हतं. चिऱ्याचा भाव आला, ब्रासवर पैसे मिळू लागले, तशी घाईने कागदपत्रं निघाली. पहिला कागद निघतो तो हक्कसोडपत्राचा. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना गणपतीत माहेरी बोलावतात, ओटी भरतात आणि दुसऱ्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नेतात. 'सही कर गो, बाकीच्यांनी केल्यान.' माहेर तुटेल म्हणून ती करते.

हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. विधवेचा वाटा आहेच. हक्कसोड करायचीच असेल तर समजून करा, मोबदला कागदावर घ्या. कुणी सक्ती करू शकत नाही, आणि एकदा नोंदलेलं पत्र मोडायला कोर्टात वर्षं जातात. नवरा हयात आहे आणि जमीन त्याच्या नावावर आहे, तर महाराष्ट्र सरकारच्या १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेखाली तो बायकोचं नाव सातबारावर चढवू शकतो. तलाठ्याला योजनेचं नाव सांगावं लागतं, बऱ्याच जणांना आठवत नसतं.

एक हिशोब घरात बसून करा. चिरा पाच-सात वर्षांत संपतो. नंतर उरतो तो खड्डा. पैसे दिरांनी मुंबईच्या फ्लॅटमध्ये घातलेले असतात आणि खड्ड्याशेजारी राहते ती गावातली बाई, गुरं आणि पोरं सांभाळत.

खाणीने विहीर आटली तर बायकांचं म्हणणं कुठे ऐकलं जातं?

सड्यावरचा जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी तो पोटात घेतो आणि पायथ्याच्या झऱ्यांतून, व्हाळांतून हळूहळू सोडतो. सडा खरवडला की झऱ्याचं वेळापत्रक बिघडतं. कुठला व्हाळ कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो हे घागर घेऊन जाणारीला तोंडपाठ असतं. पर्यावरण अहवाल लिहिणारा सल्लागार एकदा येऊन जातो.

मोठ्या खाणींना पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात येते. लेखी हरकत आधीही देता येते. शेवटी इतिवृत्त तिथल्या तिथे आपल्या भाषेत वाचून दाखवायचं असतं. वाचल्याशिवाय उठू नका, तुमचं म्हणणं 'काही महिलांनी शंका उपस्थित केल्या' एवढ्यावर आटोपलेलं असू शकतं. सुनावणी सकाळी अकराला, बायका कामावर असताना, ठेवली असेल तर वेळ बदलून मागा.

लहान चिरेखाणींना बहुतेक वेळा सुनावणी नसते. तिथे ग्रामसभा. आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हा महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातला नियम आहे. अनेक गावांत ती फक्त रजिस्टरवर होते, सह्या नंतर घरोघर फिरून घेतात. ती खरोखर घ्या, विहिरी आणि झरे यांची यादी ठरावाला जोडा.

खनिज निधीचे पैसे बायकांसाठी वापरता येतात का?

येतात. खाण व खनिज कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) खाणींच्या जुन्या पट्ट्यांना ३० टक्के आणि लिलावाच्या नव्या पट्ट्यांना १० टक्के अशी रक्कम त्यात जमा होते. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण ही अग्रक्रमाची कामं आहेत. प्रत्यक्षात रस्ते आणि सभामंडप आधी होतात, कारण प्रस्ताव त्यांचेच गेलेले असतात. एक्स-रे तपासणीचं शिबिर, पाळणाघराची शेड, मुलींना अवजड वाहनाचं प्रशिक्षण, असे प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह पाठवा.

आमचा तर खाणीलाच विरोध आहे. मग खाणीत समानता कशाला मागायची?

विरोध करा. कोकणात खाण नको म्हणणाऱ्या मोर्च्यांत पुढच्या रांगेत बायकाच दिसतात. २०२१ च्या जुलैत कळण्याच्या खाणीचं पाणी आणि चिखल खालच्या वस्तीत, बागायतीत घुसला, तेव्हा घरं कुणी उपसली हे तिथल्या लोकांना विचारा. पण कुठल्या डोंगरावर खाण नको हे ठरत असतानाच दुसऱ्या सड्यावर आजही कुणीतरी चिरे वाहते आहे. तिच्या मजुरीचा प्रश्न आपल्या आंदोलनाचा निकाल लागेपर्यंत थांबवता येत नाही. आणि एक कडू गोष्ट: विरोधाच्या सभांत बोलणारे बहुतेक पुरुषच असतात, बायका बसायला.

खाण बंद पडली तर बायकांना काय मिळतं?

शेजारच्या गोव्याकडे बघा. २०१२ मध्ये तिथलं लोहखनिज थांबलं, २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द होऊन पुन्हा थांबलं. सरकारी मदतीचा विचार झाला तो ट्रकवाल्यांचा, बार्जवाल्यांचा, मशीनवाल्यांचा. ज्यांच्या खानावळीत ते ड्रायव्हर जेवत त्या बायकांच्या नावावर ट्रक नव्हता. आपल्या गावात खाणीच्या जिवावर चहाची टपरी, डबे, भाड्याच्या खोल्या चालवत असाल तर ग्रामपंचायतीची नोंद, उद्यम नोंदणी, बँकेतला हिशोब हे आजच करून ठेवा.

मी खाणमालक आहे. धंदा लहान. एवढं सगळं परवडणार कसं?

सगळं एकदम नको. या हंगामात तीन गोष्टी करा. वहीत प्रत्येक बाईचं स्वतंत्र नाव आणि तिच्या खात्यात तिची मजुरी. कडी असलेलं शौचालय. आणि बायकांच्या मापाचे बूट, साधारण चार ते सहा नंबरचे. यात पहिल्या गोष्टीला वहीचं एक जादा पान लागतं. नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचंच आहे, तेव्हा ते दोघांना वेगळं द्या.

तक्रार केली आणि कामावरून काढलं तर? वकील कुठून आणू?

हे होतं, होणार नाही असं सांगून फसवणार नाही. म्हणून तक्रारीच्या आधी पुरावा जमवा: वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो, गाडीचा नंबर आणि तारीख, मुकादमाचे व्हॉट्सॲपवरचे निरोप, दोन सोबतिणींची नावं. ई-श्रम कार्ड काढलं नसेल तर काढा. नोंदणी मोफत आहे आणि त्यावर तुमचा व्यवसाय तुमच्या नावाने लिहिला जातो.

वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. ओरोस आणि रत्नागिरी इथे जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय आहे, तालुका कोर्टातही समिती असते. फोन १५१००. परराज्यातल्या मजूर बाईलाही हीच मदत मिळते. अर्ज मराठीत लिहून द्यायला तिथे माणूस असतो. जाताना आधार कार्ड आणि वहीच्या पानाचा तो फोटो न्या.